‘अज्ञात’ लिहिण्याआधी

ऑनलाइन फॉर्ममध्ये काही रकान्यांपुढे छोटी लाल चांदणी असते. ती असली की रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग लोक टिंब देतात, ‘एनए’ लिहितात, एखादं शून्य टाकतात. आडनाव न लावणारा माणूस स्वतःचंच नाव दोनदा लिहितो. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, आणि सक्तीच्या रकान्यांत लोकांनी भरलेला असा कचरा साफ करण्यात माझे बरेच दिवस गेलेत. चांदणी लावली की माणूस खरं सांगतोच असं नाही, तो फक्त काहीतरी भरतो. हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे चांदण्या लावत असतात.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजनं ‘डिजिटल मानव्यविद्या’ या विषयावर दोन दिवसांची विभागीय परिषद घ्यायचं ठरवलं. वेबसाइट, नोंदणीचा फॉर्म आणि ‘ते कंप्युटरचं सगळं’ माझ्याकडे आलं, कारण मी त्याच तालुक्यातला. डिजिटल मानव्यविद्या म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास, लोककला यांचा अभ्यास संगणकाच्या मदतीनं करणं. जुन्या पोथ्या स्कॅन करणं, हजारो पानांतून एखादा शब्द शोधणं, गावांची नावं नकाशावर मांडणं, बोलीचं ध्वनिमुद्रण जपणं, हे सगळं त्यात येतं. मोठ्या शहरांत, आयआयटींत यावर चर्चासत्रं होतात. बुलढाण्याला रेल्वेसुद्धा नाही. पाहुण्यांनी मलकापूरला उतरायचं आणि राजूरचा घाट चढून वर यायचं. पण ज्यावर हा सगळा अभ्यास चालतो तो माल इथे आहे. लोणारची देवळं, सिंदखेडराजाचा वाडा, मेहकरचा बालाजी, आणि घराघरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडातली गाणी.

म्हणून ठरलं असं, की नुसते निबंध वाचायचे नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्यानं घरातल्या किंवा गल्लीतल्या एका बाईची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायची, आणि परिषदेत त्यांचा एक छोटा संग्रह उघडायचा. संग्रहाचा फॉर्म मी बनवला. अशा नोंदींसाठी जगभर ‘डब्लिन कोअर’ नावाचा पंधरा रकान्यांचा साचा वापरतात (हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. १९९५ साली तिथल्या एका बैठकीत तो ठरायला सुरुवात झाली). त्यात एक रकाना ‘निर्माता’ असा आहे. आम्ही त्याचं ‘रचनाकार’ केलं.

नोंदी यायला लागल्या. गाव भरलेलं, तारीख भरलेली, रेकॉर्ड करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, रोल नंबर, अगदी महाविद्यालयाच्या पूर्ण नावासकट. रचनाकाराच्या रकान्यात मात्र एकतर ‘अज्ञात’ नाहीतर ‘पारंपरिक’.

माझ्या डोळ्यांत हे खुपलं त्याला एक कारण होतं. त्याच आठवड्यात परिषदेच्या निमंत्रणपत्रिकेचं काम चालू होतं. आपल्याकडची निमंत्रणपत्रिका ज्यानं एकदा तरी केलीय त्याला माहीत आहे. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, मार्गदर्शक, विनीत. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणाच्या नावाआधी ‘मा.’ आणि कोणाच्या आधी ‘प्रा. डॉ.’, यावर चार-चार फोन. एक नाव चुकून खाली गेलं म्हणून अख्खी पत्रिका पुन्हा छापायची वेळ येते. नाव ही किती गंभीर गोष्ट आहे हे आपल्या समाजाला उत्तम कळतं. आणि त्याच परिषदेच्या दुसऱ्या फाइलमध्ये, जिच्या आवाजावर हा सगळा घाट घातलाय ती बाई ‘अज्ञात’. ज्या मुलानं तसं लिहिलं, ती त्याची सख्खी आजी होती.

तो मुलगा काही वाईट नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, “सर, गाणं तिनं थोडीच लिवलं? ते चालतच आलेलं हाय.” त्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. परिषदेतले एक ज्येष्ठ प्राध्यापकही तेच म्हणत होते, फक्त जास्त सुंदर शब्दांत. जात्यावरची ओवी कोणा एकीची नसते. ती शेकडो तोंडांतून घासत घासत गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर एका नावाचा शिक्का मारणं म्हणजे सामायिक विहिरीवर सातबारा चढवणं. मला हा युक्तिवाद आवडला आणि आजही पूर्ण खोडता येत नाही. लेखक, त्याची मालकी, त्याची सही ही कल्पना छापखान्याबरोबर पक्की झाली. ओवी त्याच्या कितीतरी आधीची.

पण मग मी त्या मुलाला एवढंच सांगितलं की आजीला जाऊन विचार, हे गाणं तुला कुठून मिळालं. तो विचारून आला. आजीचं उत्तर असं: “हे माह्या सासूचं हाय. तिले तिच्या मायनं देल्लं. शेवटच्या दोन माह्या, त्या मी लावल्या, पोरगी सासरी गेली तव्हा.”

म्हणजे अज्ञात काहीच नव्हतं. तीन पिढ्यांचा माग होता, कुठल्या ओळी कोणाच्या हेही माहीत होतं, कोणत्या प्रसंगानं आल्या तेही. फक्त कोणी विचारलं नव्हतं.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही, कोरी जागाही नाही. ‘इथली किंमत माहीत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. त्याची एक गंमत आहे. दोन नल एकमेकांना समान आहेत का, असं डेटाबेसला विचारलं तर तो ‘हो’ म्हणत नाही. बरोबरच आहे, दोन गोष्टी माहीत नसतील तर त्या सारख्या आहेत असं कसं म्हणणार? ज्यानं हे सगळं डेटाबेसचं शास्त्र उभं केलं त्या एडगर कॉडला पुढे एकच नल अपुरा वाटायला लागला. १९९० च्या पुस्तकात त्यानं दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: एक, माहिती आहे पण आपल्यापाशी नाही, दुसरी, इथे ती माहिती लागूच होत नाही. (लग्न न झालेल्या माणसाच्या जोडीदाराचं नाव, तसं.) लोकांना ते किचकट वाटलं. आपण सगळे आजही एकाच नलवर भागवतो.

आपल्या ‘अज्ञात’चं तसंच झालंय. माहीत नाही, विचारलं नाही, सांगायचं नाही: या तीन अगदी वेगळ्या अवस्था आहेत आणि तिन्हींवर आपण एकच शब्द ठोकतो. पहिली अवस्था ज्ञानाची मर्यादा आहे, तिच्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. दुसरी मात्र कोणीतरी केलेली कृती आहे, म्हणजे टाळलेली कृती. ‘अज्ञात’ या शब्दाची लबाडी अशी की तो दुसरीला पहिलीचे कपडे घालतो. विचारणाऱ्याचा आळस गाणारीच्या खात्यावर जमा होतो. जणू तिलाच नाव नव्हतं. ‘पारंपरिक’ त्याहून सोज्ज्वळ. कॅसेटच्या वेष्टणावर ‘पारंपरिक’ छापलं की मानधन कोणाला द्यायचं हा प्रश्नही आपोआप मिटतो. सामायिक विहीर म्हणायचं आणि मोटर एकट्यानं लावायची, असा हा प्रकार.

हे टाळता येतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या संशोधकानं त्यांचा डेटाबेस उभा करायला मदत केली. आपल्याकडे ‘डिजिटल मानव्यविद्या’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हाचं हे काम. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या येतात, आणि तिथे गाणारीचं नाव असतं, गाव असतं, बऱ्याचदा फोटो असतो. ओवी सामायिक आहे हे त्यांनाही माहीत होतंच. तरी त्यांनी विचारलं. ‘रचली कोणी’ याचं उत्तर नसेल, पण ‘गायली कोणी’ याचं असतंच. नाव लिहिलं म्हणून विहीर कोणाच्या मालकीची होत नाही, त्या दिवशी पाणी कोणी शेंदलं एवढं कळतं.

त्या नोंदींत आणखी एक रकाना असतो: जात. यावर आमच्या तयारीच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला. एक विद्यार्थिनी म्हणाली, जात नको, माझ्या आजीचं गाणं लोक जात वाचून ऐकतील. दुसरा म्हणाला, जात काढली तर शंभर वर्षांनी कोणीतरी म्हणेल की ही सगळी गाणी ‘मराठी स्त्रीची’, आणि मग ती स्त्री कोणाच्या घरातली समजली जाईल हे काय सांगायला पाहिजे? दोघंही एकाच वस्तीतले. मला वाटतं दोघांचं बरोबर होतं, आणि चांदणीवाला फॉर्म अशा वेळी निकामी ठरतो, कारण त्याला ‘बरोबर आहे, पण मी भरणार नाही’ हे उत्तर ऐकताच येत नाही.

नाव जपायचं असेल तर ते कुठे ठेवायचं, हे जुन्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळलं होतं. आमच्याच जिल्ह्यातलं देऊळगावराजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे चोखामेळ्याचं जन्मगाव मानलं जातं. त्याचे अभंग अनंतभट्टानं लिहून घेतले अशी परंपरा सांगते. लेखणी दुसऱ्याच्या हातात. पण अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असते, आणि ती वृत्तात बसलेली असते. ती काढली तर अभंग लंगडतो. म्हणजे आम्ही ज्याला मेटाडेटा म्हणतो तो वेगळ्या रकान्यात न ठेवता त्यांनी मजकुरातच विणून टाकला. नक्कल करणारा कोणीही असो, नाव सोबत जाणारच. चोखामेळ्याची बायको सोयराबाई कित्येक अभंगांत नवऱ्याच्या नावानं आणि स्वतःच्या जातीनं सही करते. त्या सहीत किती दुःख आणि किती ताठा आहे यावर वाद घालता येईल, पण ती सही पुसता आलेली नाही. जात्यावरच्या ओवीत अशी सोय नाही. तिथे भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, विठ्ठलाचं येतं. गाणारीचं सहसा येत नाही. तिचं नाव बाहेरून लिहावं लागतं, म्हणून तर जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते.

आणि बाहेरून कोण लिहितं? बहुतेक वेळा सत्ता. परिषदेचं एक सत्र ताराबाई शिंद्यांवर होतं, ते बुलढाण्यात असायलाच हवं होतं, कारण ताराबाई इथल्या. १८८२ साली त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापलं गेलं. त्याला निमित्त झालं सुरतच्या विजयालक्ष्मीचं. तरुण ब्राह्मण विधवा, स्वतःचं नवजात मूल मारल्याचा आरोप, १८८१ मध्ये फाशीची शिक्षा. ती पुढे अपिलात बदलली. त्यावरून वर्तमानपत्रांतून एकूण बाईच्या जातीवरच जे लिहून आलं, त्याला ताराबाईंनी दिलेलं हे उत्तर. विजयालक्ष्मीचं नाव आज मला का माहीत आहे? कोर्टानं विचारलं म्हणून. गुन्हा नसता तर ती कुठल्या कागदावर आली असती? आणि तिला या दशेला आणणारा पुरुष कोण, हा रकाना त्या खटल्याच्या चर्चेत रिकामाच राहिला. ताराबाईंचा राग त्या रिकाम्या रकान्यावर आहे, असं मी तरी ते पुस्तक वाचतो.

खुद्द ताराबाईंचं पुस्तक पुढे जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा छापलं. मधल्या नव्वदेक वर्षांत त्या ‘अज्ञात’ होत्या असं म्हणायचं का? पुस्तक होतं, त्यावर नाव होतं, जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये घेतलेली होती. कोणी विचारत नव्हतं, एवढंच.

हा रोग फक्त आपला नाही, हे सांगून परिषदेतल्या एका निबंधानं मजा आणली. डिजिटल मानव्यविद्येचा आद्यपुरुष म्हणून रोबेर्तो बुसा या इटालियन पाद्र्याचं नाव घेतात. संत थॉमस अक्वायनसच्या लिखाणातल्या प्रत्येक शब्दाची सूची करायला त्यानं १९४९ मध्ये आयबीएमची मदत मिळवली, आणि छापील खंडांची संख्या शेवटी पन्नासच्या वर गेली. पण ते शब्द छिद्रांच्या पत्त्यांवर उतरवले कोणी? गल्लाराते नावाच्या गावातल्या तरुण मुलींनी. फोटोंत त्या यंत्रांपुढे रांगेनं बसलेल्या दिसतात. फोटो जपले होते, त्यांच्याखाली नावं नव्हती. ज्युलियान नायहन आणि मेलिसा टेरास या संशोधिकांनी अलीकडे त्यांच्यातल्या काहींना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलल्या. म्हणजे ज्या विद्याशाखेचं कामच नोंद ठेवणं, तिच्या पहिल्या प्रकल्पातच ही गत. निबंध ऐकताना आमच्याकडे कॉम्प्युटर लॅबमध्ये ओव्या टाइप करत बसलेल्या तिघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांची नावं मी संध्याकाळी संग्रहात घातली.

(टायपिंगवरून आठवलं. त्या मुली गाण्यातला ‘मले’ लिहीत आणि मोबाइलचा कीबोर्ड त्याचा ‘मला’ करून टाकी. काहींनी तर स्वतःच ‘शुद्ध’ केलं. वऱ्हाडी आजीनं गायलं आणि लिहून निघालं ते सदाशिवपेठी. हे एक वेगळं प्रकरण आहे, त्यावर पुन्हा कधी.)

आता तिसरी रिकामी जागा. सांगायचं नाही.

एका आजीनं सासू-सुनेची सहा-सात गाणी मनापासून म्हटली, आणि रेकॉर्डिंग संपल्यावर नातीला म्हणाली, “हे नको टाकू बाप्पा. सून आयकते.” सून म्हणजे त्या मुलीची आई. गाणी अप्रतिम होती. आमच्या संग्रहातली सगळ्यात चांगली, असं ती ऐकलेल्या दोघांचं मत. मुलीनं विचारलं, नाव न टाकता टाकू का? गाव बदलून टाकू का? इथे ‘अज्ञात’ हा शब्द अचानक उपयोगाचा वाटायला लागतो. ढाल म्हणून.

महानुभाव पंथाची गोष्ट इथे आठवते. ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ठेवा. त्यात आमचं लोणार आणि मेहकर येतं. पंथानं आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले, बाहेरच्यानं वाचू नयेत म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना त्या लिपीची किल्ली मिळाली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातच बदलून गेली. ती किल्ली मिळाली नसती तर, असा विचार करवत नाही. पण ज्यांनी कुलूप लावलं त्यांना काहीतरी कारण होतं, आणि उघडणाऱ्यांच्या कौतुकात त्या कारणाचा उल्लेख आपण सहसा करत नाही. आपला झालेला फायदा ही कुलूप तोडल्याची परवानगी होऊ शकते का? मला वाटतं नाही. फार तर सातशे वर्षांनी ती गोष्ट सौम्य होते. आजीच्या बाबतीत सातशे वर्षं नाहीत, सून शेजारच्या खोलीत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु आदिवासींच्या गरजेतून ‘मुकुर्तू’ नावाची संग्रह-प्रणाली बनली. तिच्यात कोणती गोष्ट कोणी पाहायची हे तो समाजच ठरवतो: ही फक्त बायकांनी, ही फक्त त्या घराण्यानं, ही सगळ्यांनी. ‘सगळं सगळ्यांसाठी खुलं’ हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं आवडतं ब्रीद तिथे चालत नाही. मला ते ब्रीद अजूनही प्रिय आहे, कारण पैसे न देता मी जे काही शिकलो ते त्याच्याच जोरावर. पण ते ब्रीद स्वतः लिहिलेल्या कोडबद्दल आहे. दुसऱ्याच्या आजीचं गाणं खुलं करण्याचा उदारपणा आपण दाखवू नये.

परिषदेच्या आधी मी फॉर्ममधल्या चांदण्या काढल्या. ‘रचनाकार’ऐवजी दोन रकाने केले: ‘कोणी गायलं’ आणि ‘कोणाकडून शिकलं’. प्रत्येक रकान्याखाली तीन पर्याय दिले: विचारलं, पण त्यांनाही माहीत नाही, विचारलेलं नाही, सांगायचं नाही म्हणाल्या. दुसरा पर्याय निवडला की नोंद पूर्ण झाल्याचं हिरवं चिन्ह येत नाही, ती पिवळी राहते. प्राध्यापकांना हे पोरकट वाटलं. ते म्हणाले, संशोधकाला एवढी शिस्त फॉर्मनं लावायची काय गरज? गरज असू नये हे मला मान्य आहे. पण महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं, ते कोणाचं मन बदलण्याची वाट न पाहता झालं. आधी रकाना आला. जिजाऊंच्या जिल्ह्यात तरी त्याचं महत्त्व समजावून सांगावं लागू नये. आता तुम्ही म्हणाल की ती तर सक्तीच झाली, चांदणीच झाली. हो, झाली. जिथे शेकडो वर्षं विचारलंच गेलं नाही तिथे विचारण्याची सक्ती मला पटते. उत्तर देण्याची सक्ती पटत नाही. आईच्या नावाच्या नियमात हे दोन्ही एकत्र आहे आणि एखाद्या बाईला स्वतःला ते नको असेल तर काय, हे मला त्यात बसवता आलेलं नाही.

बऱ्याचशा नोंदी परिषदेच्या आदल्या रात्रीपर्यंत हिरव्या झाल्या, कारण मुलांनी घरी फोन केले. काही पिवळ्याच राहिल्या. गाणारी बाई तोवर वारली होती, किंवा मुलाला पुन्हा विचारायचा कंटाळा आला होता. दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात, आणि ते नीट नाही.

सासू-सुनेच्या त्या गाण्यांची नोंद मात्र ठरवता आलेली नाही. गाणी संग्रहात नाहीत, तो प्रश्न आजीनं सोडवला. पण ‘एका बाईनं गाणी म्हटली, आणि द्यायला नकार दिला’ एवढी ओळ ठेवावी की नाही? ठेवली तर गाव आणि नातीचं नाव यांवरून सुनेला पाच मिनिटांत कळेल. नाही ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला वाटेल की त्या गावात अशी गाणी नव्हतीच. सध्या ती ओळ संग्रहात नाही, रेकॉर्डिंग नातीच्या मोबाइलमध्ये आहे, आणि तिला मी सांगितलंय की आजीला अधूनमधून विचारत राहा.